माच्याखालचं घर

आमचे घरमालक कुठल्याही खोलीत शिरले की आधी खाली बसत. बसत म्हणजे मांडी घालून नव्हे. धोतर गुडघ्यांच्या वर खोचून, दोन्ही हात जमिनीला टेकून ते रांगत्या पोरासारखे चहूकडे मान फिरवून बघत. मग उठत, हात झटकत आणि काय बोलायचं ते बोलत. भुईगावातली खोली आम्हाला दाखवायला आले तेव्हाही त्यांनी तेच केलं. साठीच्या घरातला माणूस, मिशा पांढऱ्या, आणि परक्या बाईसमोर हा अवतार! मी पदर तोंडाला लावून हसू दाबत होते. आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं ते असं, की चल, दुसरी खोली बघू. पण दुसरी होती कुठे? देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं होतं, हे कारकून म्हणून वसईच्या कोर्टात बदलून आले होते, आणि वसई गावात पाय ठेवायला जागा मिळत नव्हती.

मालक उठले आणि माझ्याशी नाही, ह्यांच्याशी नाही, सुमीशी बोलले. सुमी माझी थोरली, तेव्हा सहा वर्षांची.

"तुला इथनं काय दिसतं गं, बाय?"

"भिंत," सुमी म्हणाली.

"आणि?"

"आणखी भिंत."

"बरोबर," मालक म्हणाले. "खोलीत दोष आहे. राहा तुम्ही, मग बघू."

आपल्या खोलीत दोष आहे असं भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगणारा मालक मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. आम्ही राहिलो. पुढे नऊ वर्षं राहिलो.

त्यांना सगळा गाव नावाने हाक मारी, आम्ही मात्र नुसतं 'मालक' म्हणत होतो. घरात ते एकटेच. बायको लग्नानंतर तीन वर्षांत गेली, मूलबाळ नाही, दुसरं लग्न केलं नाही. घर आठ खोल्यांचं, पुढे ओटी, ओटीवर झोपाळा, मागे समुद्राच्या अंगाला पसरलेली वाडी. त्याशिवाय टोकाला नववी खोली, पूर्वी विड्याची पानं निवडायची, ती आम्हाला दिलेली. वाडीत कामाला सोनाय नावाची बाई येई, तिच्याशी ते आपल्या घरच्या बोलीत भराभर बोलत. आमच्याशी बोलायचं म्हटलं की शाळेतल्यासारखं एकेक शब्द ठेवून.

त्यांच्या एकेक तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. देवळात जाताना उघडेबंब, आणि रहाटाला बैल जुंपताना अंगात काळा कोट! मी एकदा न राहवून विचारलंच. म्हणाले, "देव माणसाला ओळखतो. बैल कोटाला ओळखतो." मला वाटलं थट्टा करतायत. पण एक दिवस कोट धुवायला काढला होता, तर बैलाने खरोखरच पाऊल उचललं नाही. तासभर तो उभा आणि मालक त्याच्यासमोर उभे. शेवटी ओला कोट घालून गेले.

कोटाच्या एका खिशात सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, असे. पोरांना देताना अख्खी कधी द्यायचे नाहीत. अर्धी मोडून सुमीला, अर्धी बाळूला, आणि बोटांना लागलेलं स्वतः चाटायचे. दुसऱ्या खिशात काथ्याची दोरी, तिला हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या. ती त्यांची मोजपट्टी. कुणाच्याही घरी गेले की बोलता बोलता दोरी काढून दार मोज, खाट मोज, कुणाचं पोर जवळ आलं तर पोर मोज. आणि लोक नुसती जमीन मोजतात याचा त्यांना फार राग. "एवढे हात लांब, एवढे हात रुंद. आणि वर? वरची जागा काय कावळ्यांना दिली?"

आणखी एक गोष्ट होती, ती मला पहिल्यापासून खटकायची. आठ खोल्या, दोन शिसवी कपाटं, आणि हा माणूस आपली धोतरं, सदरे ठेवायचा एका लहानशा लाकडी पेटीत. लहान मुलाची असावी तशी पेटी. तीही ओटीच्या दाराशेजारी, उंबऱ्याला लागून. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात. मी म्हटलंही एकदा, "मालक, ही आत तरी ठेवा." ते म्हणाले, "बरी आहे तिथे." आणि विषय संपला. असतो एकेकाचा हट्ट, मी म्हटलं.

आता आमच्या खोलीचं रामायण. बारा हात लांब, आठ हात रुंद. तीत आम्ही दोघं, दोन पोरं आणि माझे सासरे. मामंजींना दमा. त्यांची खाट, त्यांचे देव, त्यांची जपाची वेळ, झोपेची वेळ, चिडायची वेळ. ह्यांना कोर्टातून नकला उतरवायचं काम घरी आणावं लागे. डेस्क मांडून, दौत-टाक घेऊन जमिनीवर बसले की निम्मी खोली त्यांची. चुलीची बाजू माझी. आणि पोरं? पोरांनी कुठे जायचं? पावसाळाभर बाहेर चिखल, अंगणात पाणी. मी दिवसभर एकच मंत्र म्हणायची, "इथे नको, तिथे बसा. तिथे नको, इथे बसा." सुमी भातुकली मांडी आणि मी ती सहा वेळा उचलायला लावी. बाळू चार वर्षांचा. तो एका जागी बसायचाच नाही. चढायला काही नसलं तर माझ्या पाठीवर चढे.

त्यात मला तिसऱ्याचे दिवस गेले.

नवरात्रात मामंजी पूजेवरून उठले, त्यांचा पाय बाळूच्या गोटीवर पडला आणि ते देवांसमोरच आडवे झाले. हाड मोडलं नाही हे नशीब, पण घोटा भोपळ्याएवढा सुजला. त्यानंतर चारच दिवसांनी बाळूचा चेंडू दौतीला लागला. सतरा पानांची नक्कल, दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर जायची. वरची अकरा पानं काळी ठिक्कर! ह्यांनी बाळूच्या थोबाडीत मारली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, ह्यांचा हात मी तोवर कुणावर उठलेला पाहिला नव्हता. बाळू रडला नाही, नुसता बघत राहिला. हे मात्र जेवले नाहीत.

आणि अशा वेळी नाशिकहून पत्र आलं. ह्यांचे मोठे भाऊ तिथे होते, घर मोठं, अंगण मोठं, मूल एकच, तेही मोठं झालेलं. जाऊबाईंनी लिहिलं होतं, "एका खोलीत पोरांना किती कोंडाल? दोघांना इकडे पाठवा. वर्ष-दोन वर्षं राहतील, शाळा शिकतील. तुझंही बाळंतपण सुखाने होईल. त्रिपुरी पौर्णिमेला हे न्यायला येतील." मनाने लिहिलं होतं हो, खोटं कशाला बोलू? पण वाचून झालं तसं मी ते घडी घालून कमरेला खोचलं.

'नाही' कसं म्हणणार? आमच्या घरात मोठ्यांना 'नाही' म्हणायची रीत नव्हती. थोरल्या भावाने ह्यांना शिकवलेलं, नोकरीला लावलेलं. ह्यांनी टाक उचलून नक्कल पुढे चालवली. मामंजी म्हणाले, "बरंच झालं." मी कोण बोलणारी? विहिरीवर जाऊन रडून घेतलं. मालक तिथे पाटाचं पाणी वळवत होते. कोट घातलेला होता. त्यांनी विचारलं नाही काही, पण मीच भडाभडा सगळं सांगून टाकलं. पोरं जाणार, वर्ष-दोन वर्षं, म्हणजे किती कोण जाणे.

मालकांनी पाटाचं तोंड मातीने बंद केलं. मग म्हणाले, "इकडे ये, बाय. वर बघ. काय आहे?"

"माड. पोफळी."

"मध्ये?"

"केळी."

"पोफळीवर चढलंय ते?"

"पानवेल."

"आणि खाली सावलीत आळू नि हळद. एवढ्याशा वाफ्यात पाच पिकं नांदतात. उंच आहे ते वरचं ऊन घेतं, ठेंगणं आहे ते खालची सावली. कुणी कुणाला म्हणत नाही की जागा नाही, तू जा मामाकडे."

मामाकडे का म्हणाले, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी म्हटलं, "मालक, झाडांचं ठीक आहे."

"पौर्णिमा कधी?"

"दिवाळी झाली की दहा-बारा दिवसांनी."

"मग मला दिवाळीनंतरचे आठ दिवस दे. आणि खोलीत मी काय करतो ते कारकुनाला विचारू देऊ नकोस."

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पोफळीचे चार खांब येऊन पडले. मालकांनी खोलीत शिरून रांगत एक फेरी मारली, मग सुमीला दोरीने मोजलं, बाळूला मोजलं, आणि मामंजी झोपले होते तर त्यांनाही झोपल्या झोपल्या मोजलं. खिडकीच्या भिंतीला लागून खांब रोवले, वर फळ्या ठोकल्या. शेत राखायला बांधतात तसा माचा! संध्याकाळी हे कोर्टातून आले, सायकल टेकवली आणि दारातच थिजले.

"हे काय?"

"तुमची कचेरी," मालक म्हणाले. "वर बसून लिहायचं. खिडकीचा उजेड थेट कागदावर. चेंडू एवढ्या उंच जाणार नाही."

"मी काय शेत राखायला बसू?"

"मग काय! दोन पाखरं आहेत की खाली."

मी चुलीकडे तोंड फिरवलं, हसू आवरेना. हे चिडून वर चढले, आणि ताठ बसताच आढ्याचा वासा खाडकन डोक्यात बसला. मालकांनी दोरी काढली, गाठी मोजल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी ह्यांची उंची मोजलीच नव्हती! सगळ्या घराला दोरी लावली आणि ज्याच्यासाठी माचा बांधला तोच माणूस राहिला.

दुसऱ्या दिवशी माचा हातभर खाली आला. पण मग खाली सुमीला उभं राहता येईना. मला वाटलं, आटपला कारभार. मालक म्हणाले, "वर जागा नाही ना, मग खाली घेऊ." आणि कुदळ घेऊन त्यांनी माच्याखालची जमीन हातभर खणायला सुरुवात केली. मातीचीच जमीन, पण ती मी दर आठवड्याला सारवलेली हो! माझा जीव कळवळला. खणलेल्या मातीच्या माच्यावर चढायला पायऱ्या केल्या. मामंजींच्या खाटेभोवती चार बोटं उंचीचा बांध घातला, वाडीत वाफ्याला घालतात तसा, आणि म्हाताऱ्या माणसाला दिसावा म्हणून त्याला चुना फासला. बांधाच्या अलीकडून मोरीपर्यंत एक चिंचोळा पाट काढला. त्याच्या टोकाला करवंटी पुरली.

"हा कशाला?" मी विचारलं.

"बाळ्या, गोटी टाक."

बाळूने पाटात गोटी सोडली. गोटी गडगडत वळण घेऊन गेली आणि करवंटीत टक्कन पडली. बाळूने मालकांकडे बघितलं, मग परत गोटी सोडली. त्या दिवशी ती गोटी शंभर वेळा तरी गेली असेल. त्यानंतर मामंजींच्या पायाखाली गोटी कधी आली नाही, कारण पाट सोडून दुसरीकडे गोटी खेळण्यात बाळूला काही रामच उरला नाही.

शिवाय पाळ्या ठरल्या. वाडीत पाणी जसं एका वाफ्याचं तोंड बंद करून दुसऱ्याचं उघडतात, तशी मालकांनी खोली वाटून दिली. सकाळी मधली जागा माझी. दुपारी चर्चची घंटा वाजली की मामंजींची, तेव्हा पोरांनी माच्याखालून बाहेर यायचं नाही. चार वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत मधली जागा पोरांची, तेव्हा मोठ्यांनी तिथे पाय ठेवायचा नाही. "मोठ्यांनीसुद्धा?" मामंजी खवळले. मालक म्हणाले, "पाणी पाळीने दिलं नाही तर आळूही जातं आणि माडही जातो, आजोबा." आजोबा! दोघांच्या वयात दहा वर्षांचंसुद्धा अंतर नव्हतं.

चार दिवसांत खोली अशी शांत झाली की मलाच भीती वाटायला लागली. पोरं असायची, आवाजही असायचा, पण तो जमिनीतून यायचा. सुमीने खाली नारळाच्या झावळीचं दार केलं, चूल मांडली, बाळू माच्याचे खांब चढे नि उतरे. वर ह्यांचा टाक कुरकुरे. मामंजी घोरत.

पण नाशिकला काही कुणी पत्र लिहिलं नाही. लिहिणार कोण? भावजी येणार ते येणारच. मी मन घट्ट करून पोरांची पेटी भरून ठेवली. आयत्या वेळी रडत भरण्यापेक्षा आधी रडलेलं बरं. माझ्या माहेरची फणसाच्या लाकडाची पेटी. तीत सुमीचा दिवाळीचा पोपटी फ्रॉक, बाळूचे दोन सदरे, चड्ड्या, एक फणी. पेटी भिंतीशी ठेवली आणि तिच्याकडे बघायचं टाळू लागले. मालकांनी एकदा ती उघडून आत बघितलेलं मला आठवतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी धुणं घेऊन विहिरीवर गेले. तासाभराने आले तर मालक मधल्या पायरीला ओली माती थापत होते. "पायरी खचत होती," म्हणाले. "आता हलणार नाही." मी कपडे वाळत घालायला गेले. माझं लक्ष कशातच नव्हतं.

भावजी आले ते दुपारी, घंटा होऊन गेल्यावर. स्टेशनवरून टांगा केलेला. उंच, भारदस्त माणूस, डोक्यावर टोपी, हातात छत्री. मी पाया पडले, पाणी दिलं, चहा टाकला. बसायला दुसरी चांगली जागा नव्हती, म्हणून ते माच्याच्या पायरीवरच टेकले. मामंजींशी हळू आवाजात बोलणं झालं, दम्याचं झालं, नाशिकच्या थंडीचं झालं. हे वर डेस्कापुढे बसलेले, भाऊ आला म्हणून रजा घेतलेली. मालक दारात उभे, अंगात कोट.

तासभर झाला. भावजींनी इकडेतिकडे बघितलं. "पोरं कुठे बाहेर गेलीयत का?"

"नाही," मी म्हटलं. "खालीच आहेत."

"कुठे खाली?"

त्यांच्या पायांशी झावळी हलली आणि सुमीने करवंटीत पाणी आणून त्यांच्यापुढे धरलं. "काका, घ्या. आमच्याकडे पाहुणे आले की आधी पाणी देतात."

भावजी खाली वाकून बघायला लागले. मग काय वाटलं कोण जाणे, टोपी काढून ठेवली, धोतर सावरलं आणि रांगतच आत शिरले. आम्ही सगळे त्या झावळीकडे बघत उभे. आतून बाळूचा आवाज, "इथे नाही, इथे देवघर आहे. तुम्ही तिथे बसा." दहा मिनिटांनी भावजी मागे मागे सरकत बाहेर आले. केसात माती, हातात आळूच्या पानावर वाढलेलं मातीचं जेवण.

"मला जेवायला वाढलंय," ते म्हणाले.

आणि मामंजी खाटेवरून म्हणाले, "रोज वाढतात. मी पानावर पाणी फिरवल्याशिवाय उठू देत नाहीत." मी चमकून बघितलं. हे मला ठाऊकच नव्हतं.

भावजी परत पायरीवर बसले. आम्हाला वाटलं, आता म्हणतील, राहू देत पोरं इथेच. पण शब्द दिलेला माणूस तो, बायकोला काय सांगणार? घसा खाकरून म्हणाले, "तरीपण. तिकडे वाट बघतेय ती. पोरांची पेटी भरलीय ना? कुठे आहे?"

मी भिंतीशी बघितलं. पेटी नव्हती. खाटेखाली बघितलं, चुलीमागे बघितलं. मग दारातून मालक बोलले, अगदी शाळेतल्या पोरासारखे.

"तुम्ही बसलात तीच."

"काय?"

"पायरीला माती कमी पडली. हाताशी पेटी होती, बसवली. चूक झाली माझी. आता माती सुकत आलीय. ती उकरली तर पायरी जाईल, पायरी गेली तर माचा जाईल, आणि माचा गेला तर कारकून खाली येईल."

भावजींनी उठून पायरीकडे बघितलं. पायाने दाबून बघितलं. मालकांकडे बघितलं. आणि मग त्या माणसाच्या खांद्यापासून हसू सुटलं ते पोट धरून खाली बसेपर्यंत. वर हेही हसायला लागले, मामंजींना हसता हसता ढास लागली.

"पेटीशिवाय पोरं कशी न्यायची?" भावजी डोळे पुसत म्हणाले. "बिनकपड्यांची? तुझी जाऊ मला घरात घेणार नाही. राहू देत. मी सांगतो तिला, खोलीनेच सोडलं नाही." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मलाही येताना काही गोड वाटत नव्हतं, पोरी."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. चहा कपात ओतताना निम्मा बशीत गेला. पोरं राहिली! त्या रात्री मी कुणालाही 'इथे नको, तिथे बस' म्हटलं नाही. फ्रॉक गेला याची हळहळ वाटली थोडी, दुसऱ्या दिवशी. पोपटी रंग सुमीला फार खुलायचा. पण चार कपडे गेले आणि दोन पोरं राहिली, यात रडण्यासारखं काय आहे?

ती दारातल्या पेटीची गोष्ट मला सोनायने पुढे सांगितली, माझी तिसरी शकू झाल्यावर. मला शेक द्यायला पाणी तापवत बसली होती. म्हणाली, "मालकाला सहा वर्साचा असताना मामाकडं धाडला, आगाशीला. घरात पानांचे ढीग, म्हातारी आजारी, पोर पायात येतो म्हून. तीच ती पेटी. बापूस मेला तवा परत आला, एकोनीस वर्साचा. पन पावना गेला तो पावनाच आला बाय. पेटी दारात ठेवली ती ठेवलीच. बायको म्हनायची, कपाटात लावते कपडे. कधी लावू दिले नाय."

पेटी तोवर मी शंभर वेळा ओलांडली असेन. त्यानंतर मात्र दर वेळी बाजूने जाऊ लागले.

नऊ वर्षं गेली. पावसाळ्यात माच्याखाली ओल यायची, मालक दर वर्षी ज्येष्ठात समुद्रावरची रेती आणून टाकायचे. सुमी मोठी झाली, तिच्या जागी शकू आली, बाळू माच्याच्या वरच्या मजल्यावर अभ्यासाला बसायला लागला. मामंजी त्याच बांधाच्या आत, त्याच खाटेवर गेले, सुखाने. मग ह्यांची अलिबागला बदली झाली. सगळ्यांची, सहकुटुंब. तिथे तीन खोल्या मिळणार होत्या.

निघायच्या दिवशी सामान टांग्यावर चढत होतं आणि मालक कुदळ घेऊन आले. सत्तरी गाठलेली, पाठीला बाक आलेला.

"मालक, कशाला?"

"तुझी पेटी. माहेरची आहे ती. आता न्यायला हरकत नाही, आता सगळे मिळून चाललात."

बाळू पुढे झाला, त्याला त्यांनी हात लावू दिला नाही. एकेक ढेकूळ हाताने काढलं. पेटी निघाली ती तेलकट कापडात गच्च गुंडाळलेली, सुंभाने बांधलेली. उघडली तर वर कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा थर, आणि त्याखाली फ्रॉक, सदरे, फणी, जशीच्या तशी. आयत्या वेळी माती कमी पडली म्हणून हाताशी आली ती पेटी बसवली, असं म्हणत होता हा माणूस. चूक झाली म्हणे! मी त्यांच्याकडे बघितलं. ते दोरीच्या गाठी मोजत होते.

सुमी पंधरा वर्षांची. तिने तो पोपटी फ्रॉक अंगाला लावून बघितला. तो तिच्या कमरेपर्यंतसुद्धा पोचत नव्हता. ती हसायला लागली, आणि मला मात्र काही केल्या रडू आवरेना. हा फ्रॉक घालून ती नाशिकच्या टांग्यात बसली असती. तिथेच तोकडा झाला असता, आणि तो तोकडा झालेला मला दिसलाही नसता.

बाहेरून ह्यांनी हाक मारली, "अगं, बोट चुकेल!"

मालक पायरीतल्या त्या मोकळ्या जागेकडे बघत उभे होते. "खळगा रिकामा ठेवू नये," म्हणाले. वाडीत केळ काढली की ते नेहमी हेच म्हणायचे, आणि त्याच दिवशी तिथे नवा मुनवा, केळीचा कोंब, लावायचे. मला वाटलं, माती भरतील. ते ओटीवर गेले. दाराशेजारची आपली पेटी उचलून आणली, त्यातली धोतरं नि सदरे काढून माच्यावर ठेवले, आणि रिकामी पेटी खळग्यात बसवून बघितली. दोन बोटं लहान पडत होती.

"मालक," मी म्हटलं, "धोतरं कुठे ठेवणार आता?"

"कपाटात. दोन आहेत की घरात." मग रांगत बसून त्यांनी कडेला माती भरायला सुरुवात केली. बोटांतून माती सांडत होती.

ह्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली. मी 'आले' म्हटलं, पदर खोचला, आणि त्यांच्या शेजारी बसून शेण कालवायला घेतलं.